रस जिभेचा, वासना नाकाची

मराठी समीक्षेने आपली बरीचशी शब्दसंपत्ती स्वयंपाकघरातून उचलली आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कवितेत रस असतो, वाचक रसिक असतो, त्याची अभिरुची घडवावी लागते, तो कवितेचा आस्वाद घेतो, आणि शास्त्र्यांच्या पंक्तीस बसलाच तर चर्वणाही करतो. न आवडलेली कादंबरी अळणी ठरते, आवडलेला लघुनिबंध खुसखुशीत. शाळेत मुलांना कविता देऊन ‘रसग्रहण करा’ म्हणून फर्मावले जाते. आम्ही स्वतः ही नाणी अशाच लेखांतून गेली कित्येक वर्षे निःशंकपणे खर्चीत आलो आहोत. ती वाजवून पाहावी असे कधी वाटले नाही. वकिली करणाराने तरी ही गफलत करावयास नको होती. साक्षीदार जे सांगतो ते त्याने स्वतः अनुभवले की कोणाकडून ऐकले, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न. रसाच्या बाबतीत जीभ ही मुख्य साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभी केली जाते. परंतु तिच्या साक्षीतला स्वतःचा भाग किती आणि ऐकीव किती, हे तिला कोणी विचारलेले नाही.

आम्हांस ते विचारणे भाग पडले. 2021 च्या एप्रिलअखेरीस करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही आजारी पडलो. आजार सौम्य होता, घरच्या घरी बरा झाला. ज्या दिवसांत माणसे प्राणवायूवाचून जात होती, त्या दिवसांत अशा आजाराची तक्रार करणे शोभले नसते. तथापि जाताना तो आमचे नाक घेऊन गेला. पहिले काही दिवस ही गोष्ट विनोदाची वाटली. मग एका स्नेह्यांनी आपल्या बागेतले मानकुराद पाठविले. गोव्याच्या माणसाला मानकुरादाचे वर्णन ऐकवू नये, आणि इतरांना ते करून पटत नाही. पहिली फोड आम्ही तोंडात घातली. गोडी होती. मागून येणारा किंचित आंबटपणा होता. गर मऊ होता, थंड होता. जिभेच्या नावावर शास्त्राने जे जे लिहून दिले आहे ते सारे जागच्या जागी होते. फक्त आंबा नव्हता. डोळे मिटून खाल्ला असता, तर हा आंबा आहे की साखर घालून शिजविलेला भोपळा, हे आम्हांस शपथेवर सांगता आले नसते.

आई समोर बसली होती. तिने घरच्या कोंकणीत निकाल देऊन टाकला: “नाकाक वास ना जाल्यार तोंडाक रूच खंयची, बाबा?”

आईच्या या एका वाक्यात जेवढे शरीरशास्त्र आहे तेवढे आमच्या शालेय पुस्तकात नव्हते. तेथे जिभेचा एक नकाशा होता: टोकाला गोड, कडांना खारट व आंबट, मुळाशी कडू. 1901 साली एका जर्मन संशोधकाने जिभेच्या कडांवरील संवेदनक्षमतेतले बारीक फरक मोजले. पुढे इतरांनी त्यांची चित्रे काढताना त्या फरकांच्या सरहद्दी करून टाकल्या. वस्तुतः जिभेवर जेथे जेथे रुचिकलिका आहेत तेथे तेथे सगळ्या चवी कळतात. या चवी तरी किती? गोड, आंबट, खारट, कडू. आणि पाचवी ती, जी 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्रवनस्पतीच्या सारातून ओळखली आणि जिला ‘उमामी’ असे नाव दिले. आपल्याकडे या चवीला नाव नाही, पण ती आपल्याला अनोळखी नाही. सुक्या सुंगटांची किसमूर किंवा भाजीत टाकलेली मूठभर गालमो ज्या कारणाने जेवणाला उभारी देते, ते कारण तेच. जिभेचे खाते येथे संपले.

नाकाचे खाते उघडले की हिशेबाची वहीच बदलावी लागते. नाकपोकळीच्या छताशी टपालाच्या तिकिटाएवढी एक त्वचा आहे. तिच्यात गंध टिपणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राही आहेत. ते घडविणारा जनुकांचा मोठा परिवार लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली दाखवून दिला, आणि 2004 साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. एकेक गंधद्रव्य एकाच वेळी अनेक ग्राहींना जागे करते, एकेक ग्राही अनेक द्रव्यांना ओ देतो. अक्षरांच्या जुळणीतून शब्द व्हावा तसा जागृत ग्राहींच्या जुळणीतून वास ओळखला जातो. आणि आमच्या मुद्द्याचे मर्म यापुढे आहे. नाकाला दोन दरवाजे आहेत. पुढच्या दरवाजाने बाहेरच्या जगाचा वास येतो. मागचा दरवाजा घशातून उघडतो: घास चावताना सुटलेले गंध उच्छ्वासाबरोबर त्या वाटेने वर चढतात आणि मेंदू ते तोंडातच घडले असे धरून चालतो. घास जिभेवर आहे, जीभ हलते आहे, तेव्हा श्रेयही तिलाच मिळते. वेलदोड्याची चव, केशराची चव, हिंगाची चव असे आपण म्हणतो ते जवळजवळ सारे या मागल्या दारचे वास आहेत. साक्षीदार खोटे बोलत नव्हता. त्याने ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगितली, एवढेच.

आता आपल्या शास्त्राची वाटणी पाहावी. 17 व्या शतकातील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हे न्यायशास्त्राचे बालबोध पुस्तक. त्यात रस सहा सांगितले आहेत आणि गंध दोन: सुरभि आणि असुरभि. जिभेला सहा, नाकाला दोन! आजचा हिशेब जिभेला पाच आणि नाकाला चारशे असा आहे. त्यातही जुन्या सहांपैकी दोन रस मुळात चवी नव्हेतच. तुरटपणा हा स्पर्श आहे. कच्च्या सुपारीतली द्रव्ये लाळेतील प्रथिनांना धरतात आणि तोंड आवळल्यासारखे होते. तिखटपणा ही तर वेदना. मिरचीतील द्रव्याला प्रतिसाद देणारा ग्राही डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 साली शोधला. पोळल्याची वर्दी देणारा तोच. 2021 च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा आहे. (जाता जाता: संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीने कटूपासून ‘कडू’ आणि कोंकणीने ‘कोडू’ घेतले, परंतु अर्थ दुसऱ्याचा लावला. वैद्यकाचे जुने ग्रंथ नव्या भाषेच्या भरवशावर वाचणारा येथे हटकून ठेचाळतो.)

म्हणजे मग आपला सगळा रससिद्धांत चुकीच्या इंद्रियावर उभा आहे काय? आजारपणात पडल्या पडल्या ‘नाट्यशास्त्रा’चा सहावा अध्याय पुन्हा उघडला तेव्हा हाच प्रश्न मनात होता. वाचून झाल्यावर भरतमुनींची मनोमन क्षमा मागावी लागली. भरताचा दृष्टांत मिठाच्या खड्याचा किंवा गुळाच्या ढेपेचा नाही. नाना व्यंजने आणि द्रव्ये यांच्या संयोगाने सिद्ध झालेले अन्न आणि ते प्रसन्नपणे जेवणारी माणसे, असा तो पूर्ण ताटाचा दृष्टांत आहे. पुढे मम्मटाने पन्ह्याची उपमा घेतली. पन्ह्यात घातलेले जिन्नस वेगवेगळे न उरता एक निराळीच गोष्ट तयार होते, हा तिचा आशय. या दोघांनी जीभ आणि नाक यांची फाळणी केलेलीच नाही; ताटात जे घडते ते त्यांनी अखंड घेतले. ‘खमंग’ हा आपला मराठी शब्दही असाच शहाणा आहे. भाजलेल्या डाळीचा तो वास आहे की चव, हे त्याने ठरविण्याचे नाकारले. इंदुरात जन्मलेल्या दुर्गा भागवतांनी आपल्या पाकविषयक पुस्तकाला हेच नाव दिले.

दोष भरताचा नाही, त्याच्या मागून आलेल्या मोजणीदारांचा आहे. आठ की नऊ, शांत धरावा की न धरावा, भक्ती हा रस की भाव, यावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी एखाद्या कवितेतला करुण दुसऱ्या कवितेतल्या करुणाहून निराळा का, यावर झाली नाही. रसांची ही यादी जिभेच्या धर्तीची आहे. मोजके खण, प्रत्येकावर चिठ्ठी. विद्यार्थी कविता हाती घेतो, कोणत्या खणात पडते ते पाहतो, आणि ‘येथे वात्सल्यरसाचा परिपोष झाला आहे’ असे लिहून दोन गुण मिळवितो. मानकुराद गोड आहे, एवढेच त्याने सांगितले. हापूसही गोडच असतो.

तथापि आपल्या काव्यशास्त्रात नाकाला जागाच नव्हती असे म्हणणे हा अन्याय होईल. जागा होती, मोक्याची होती, पण पाटीवरचे नाव आम्ही वाचले नाही. सुमारे 1000 साली काश्मिरात अभिनवगुप्ताने असा प्रश्न घेतला, की रंगमंचावरचा शोक दुसऱ्याचा असता प्रेक्षकाच्या ठिकाणी त्याचा आस्वाद उत्पन्न होतो कसा? त्याच्या उत्तराचा आधार आहे ‘वासना’. प्रेक्षकाच्या अंतःकरणात पूर्वानुभवांचे संस्कार सुप्त असतात. नाट्य त्यांना जागे करते. ज्याला वासना नाही त्याला रस नाही. आज हा शब्द बिचारा पोलिसी बातम्यांत जाऊन पडला आहे. परंतु त्याच्या अंगाला मूळचा वास आहे. राहणे या अर्थाच्या धातूशीही त्याचे नाते जोडतात, तेही ग्राह्य आहे; पण योगाचार पंथाच्या बौद्ध आचार्यांनी वासना समजावून देताना जो दृष्टांत घेतला तो तिळांचा. फुलांच्या सहवासात तीळ ठेवतात. फुले सुकून जातात, तिळांत गंध उरतो आणि तेलात उतरतो. फूल गेले, वास राहिला, आणि तोही दुसऱ्याच्या पोटात. स्मृतीचे याहून नेमके चित्र आमच्या वाचनात नाही. प्रूस्तने 1913 साली छापलेला चहात बुडविलेला केक जगातल्या सर्व निबंधकारांनी आता इतक्या वेळा खाल्ला आहे, की त्याऐवजी हे तीळ हाती घ्यावे, अशी आमची शिफारस आहे.

शरीरशास्त्राची येथे एक पुस्ती आहे. डोळा, कान, त्वचा, जीभ यांची वर्दी मेंदूतील थॅलॅमस नावाच्या चौकीवरून पुढे जाते. गंधाची वर्दी त्या चौकीवर न थांबता भावना आणि स्मृती ज्या भागांशी निगडित आहेत तेथे सरळ पोचते. अभिनवगुप्ताला हे ठाऊक होते असा दावा करणारे लेख हल्ली निघतात. त्यांत आमची भर नको. त्याने माणसाचा अनुभव बारकाईने पाहिला, आणि अनुभव तेव्हाही आजच्यासारखाच होता, इतके म्हटले की पुरे.

गंमत अशी, की वासनेचे उदाहरण म्हणून त्याने ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकातील जो प्रसिद्ध श्लोक घेतला, त्यात नाक नाही. रम्य वस्तू पाहून आणि मधुर शब्द ऐकून सुखी माणूसही अस्वस्थ होतो, तेव्हा त्याला जन्मांतरीची स्नेहबंधने नकळत आठवत असावीत, असे दुष्यंत म्हणतो. डोळा आणि कान, एवढेच. हेगेलनेही कलेचा अधिकार याच दोन इंद्रियांना दिला आणि गंध, रस, स्पर्श यांना दाराबाहेर उभे केले. परंतु हाच कालिदास ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात काय करतो पाहा. सुदक्षिणा गर्भवती आहे. तिला माती खाण्याचे डोहाळे लागले आहेत. दिलीप एकांतात तिच्या मुखाचा मातीने गंधित झालेला वास घेतो आणि त्याची तृप्ती होत नाही. उपमा कोणती? ग्रीष्माच्या अखेरीस पहिल्या सरींनी शिंपलेल्या रानातल्या डबक्याचा वास घेणारा हत्ती! चक्रवर्ती राजा, पट्टराणी, आणि मध्ये ना कस्तुरी ना चंदन: चिखल. त्या वासाला कवीने विशेषणांचा अलंकार घातलेला नाही. तो कोणाला, केव्हा आणि कशामुळे आला, एवढेच सांगितले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांची नाके पहिल्या पावसाकडे वळविली.

या वासाची रासायनिक चौकशी फार उशिरा झाली. कोरड्या भूमीवर पाऊस पडल्यावर उठणाऱ्या गंधाला 1964 साली बेअर व थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. त्यातला मातकट घटक, जमिनीतील सूक्ष्म जीव निर्माण करतात तो जिओस्मिन, 1965 साली वेगळा काढला गेला. पाण्यातल्या एक लक्ष कोटी भागांत त्याचे पाचेक भाग असले तरी माणसाचे नाक त्याला ओळखते. आणि त्या ऑस्ट्रेलियन लेखकांनी स्वतःच नोंदविले आहे, की उत्तर प्रदेशातील अत्तरवाले हाच वास भाजक्या मातीतून चंदनतेलात उतरवून मातीचे अत्तर म्हणून विकीत आलेले आहेत. ‘मृद्गंध’ हे नाव विंदा करंदीकरांनी 1954 च्या आपल्या संग्रहाला दिले ते या साऱ्या संशोधनाच्या दहा वर्षे आधी.

गंध शब्दांत पकडता येतो की नाही, हा प्रश्न आता न्यायालयांपुढेही आला आहे, आणि तेथे कवींच्या विरुद्ध निकाल लागला आहे. एका अर्जदाराला एक विशिष्ट वास व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावयाचा होता. त्याने रासायनिक सूत्र दिले, बाटलीत नमुना दिला, आणि दालचिनीची हलकीशी छटा असलेला फळाचा वास, अशा अर्थाचे वर्णनही लिहून दिले. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने 2002 साली तिन्ही पुरावे अपुरे ठरविले: सूत्र पदार्थाचे आहे, वासाचे नाही, नमुना टिकत नाही, आणि शब्द पुरेसे स्पष्ट व वस्तुनिष्ठ नाहीत. झीकमन खटला म्हणून हा निकाल आमच्या व्यवसायात प्रसिद्ध आहे. आपल्याकडे 2025 च्या नोव्हेंबरात टायरला दिलेल्या गुलाबगंधाचा एका जपानी कंपनीचा अर्ज जाहिरातीसाठी स्वीकारला गेला, तो शब्दांच्या बळावर नव्हे. अलाहाबादच्या तंत्रज्ञांनी त्या वासाचे सात अक्षांवर मोजमाप मांडून दिले तेव्हा. कायद्याच्या दृष्टीने लक्झेंबर्गचा निकाल आम्हांस बिनतोड वाटतो. साहित्याच्या दृष्टीने त्यात एक गृहीत लपलेले आहे: वासाचे वर्णन म्हणजे वासाचे नाव. कालिदासाने नाव दिलेच नव्हते, प्रसंग दिला होता.

हीच कसोटी आजच्या कवितेला लावली तर काय दिसते? मासिकांत आणि विशेषांकांत येणाऱ्या कवितांत मोगरा दरवळतो, पारिजात सांडतो, केवडा घमघमतो, रातराणी रात्र धुंद करते. फुले हजर आहेत, वास गैरहजर. मोगऱ्याऐवजी जाई घातली तर वृत्तापलीकडे काही बिघडत नाही. आणि जी वस्तू बदलून चालते ती कवीने अनुभवलेली नसते. हा तर्कसंग्रही वारसा आहे: सुरभि म्हटले की काम झाले. नादाच्या बाबतीत आमचे कवी असे बेफिकीर कधीच नव्हते. बाकीबाब बोरकरांनी मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांना किती निरनिराळ्या लयींत बोलते केले, त्याची मापे आपण काढली आहेत. नाकाच्या लयीची मापे काढणारा समीक्षक अजून यावयाचा आहे. मर्ढेकरांचा संवाद-विरोध-समतोलही, आम्हांस तरी, स्वर आणि रंग समोर ठेवून सुचलेला वाटतो.

शब्द नाहीत म्हणून असे होते, ही सबब ऐकून घेऊ नये. आपल्या घरांतली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. तेल जुने झाले की खवट, कपडा पेटीत राहिला की कुबट, दूध खाली लागले की करपट, पिठाला ओल लागली की आंबूस. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक राहिले तर ते कळकते. या एका क्रियापदात धातू, आम्ल आणि गृहिणीचा निष्काळजीपणा तिन्ही आले. बांगड्याला हिंवस येते, आणि ती मारण्यासाठी कोंकणी घरांत तेफळे ठेचून घालतात. हे शब्द सुरभि-असुरभि असा निवाडा करून थांबत नाहीत, कारण सांगतात. बेळगावपासून बडोद्यापर्यंत जी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या शेजारात राहिली, त्यांनी पुस्तकी शब्द गमावले तरी हे शब्द बहुधा राखले. कारण स्वयंपाकघर हे भाषेचे शेवटचे ठाणे असते. ज्ञानेश्वरांनी 1290 साली मराठीची प्रौढी गायिली तीही इंद्रियांच्या भांडणातून. शब्द हा खरे तर कानाचा विषय, पण जीभ त्यावर हक्क सांगते, आणि नाकाला तो परिमळ वाटतो, असे सहाव्या अध्यायात त्यांनी म्हटले आहे. हेगेलने ज्याला दाराबाहेर ठेवले त्याला ज्ञानेश्वरांनी पंक्तीत पाट मांडला होता.

सुरभि आणि असुरभि या वाटणीतला खरा धोका मात्र काव्यातला नाही. हे दोन गंध कोणी ठरविले, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. आमच्याकडे पूर्वी एक दावा आला होता. एका जुन्या घराचे दोन हिस्से, मध्ये सामाईक अंगण. एक कुटुंब मे महिन्यात पुरुमेंतासाठी त्या अंगणात मासळी सुकवी. दुसऱ्याला ते बंद करून हवे होते. आम्ही वादीचे वकील. अर्जाचा मसुदा आमचाच, आणि त्यात ‘दुर्गंध’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. तो वास कसा होता, हे एकदाही आलेले नाही. न्यायाधीशांनी जागेची पाहणी केली ती ऑगस्टात, जेव्हा अंगणात शेवाळाखेरीज काही नव्हते. प्रतिवादीकडची म्हातारी उलटतपासात एवढेच म्हणाली, की तिला तर तो वास आला की पावसाळ्याची बेगमी झाली असे वाटून बरे वाटते. प्रकरण पुढे आपसांत मिटले. परंतु आमच्या अकरा दुर्गंधांपुढे तिचे ते एक वाक्य साहित्य म्हणून कितीतरी सरस होते, हे तेव्हा कळले असते तर मसुदा निराळा झाला असता, किंवा कदाचित आम्ही वकीलपत्रच घेतले नसते.

मराठी साहित्यातही ही वाटणी मोडली ती सुगंधी कवींनी नव्हे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 साली आला तेव्हा अनेक जाणत्यांनी नाकाला रुमाल लावला. तो रुमाल हीच त्या कवितेवरची सर्वांत प्रामाणिक टीका होती असे आम्ही म्हणतो, कारण नाकाने तरी ती वाचली होती. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) हे मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघराचे पुस्तक. वाळविलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती, वजडी यांच्या कृती त्यात आहेत, आणि जोडीला ‘सात्त्विक’ म्हणविणाऱ्या ताटाची उलटतपासणी. ग्रंथालयांत ते पाककलेच्या कपाटात असते. आमच्या मते ते सौंदर्यशास्त्राच्या कपाटात हवे. कारण अभिरुची नावाची वस्तू कोणत्या चुलीवर शिजते आणि कोणाला ओसरीवरच थांबवते, याचा एवढा रोखठोक पुरावा आमच्या शास्त्रीय ग्रंथांत नाही. आम्ही ज्यांना रसिक म्हणतो त्यांची वासना कोणत्या फुलांच्या सहवासात राहिलेली आहे, हे तपासल्याशिवाय त्यांचा निकाल मान्य करणे म्हणजे एकाच बाजूचा पुरावा ऐकून हुकूमनामा करण्यासारखे आहे.

आमच्या नाकाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. करोनाचा विषाणू गंधपेशींना नव्हे, त्यांच्या आधाराच्या पेशींना धरतो असे 2020 मध्येच निष्पन्न झाले होते, आणि गंधपेशी जन्मभर नव्याने उगवतात, तेव्हा धीर होता. परंतु त्या परतल्या त्या धडपणे नाहीत. श्रावणात कॉफीला जळक्या रबराचा वास येऊ लागला, कांद्याला गटाराचा. कोणत्याही रसाच्या यादीत न बसणारे हे आठवडे होते. मोगऱ्याचा पत्ता नव्हता. आई रोज काहीतरी नाकाशी धरी: कढीलिंबाचे पान, सुरंगीची जुनी वाळकी वेणी, हिंगाची डबी. आम्ही मान हलवीत असू.

ऑक्टोबरात एका जुन्या प्रकरणाचे दप्तर माळ्यावरून खाली काढले. फडके सोडले आणि हात थांबला. बायकोने दारातून विचारले, “काय झाले?” आम्ही म्हणालो, “कुबट.” तिने जवळ येऊन वास घेतला आणि नाक मुरडून म्हणाली, “बाई गं, केवढा! उन्हात तरी टाका.” ते दप्तर आम्ही उन्हात टाकले नाही. दोन दिवस टेबलावर, हाताशीच राहू दिले.